अंदमान सहल: द्राक्षबाग, परीक्षा आणि आई-दादांचे गुडघे सांभाळून कधी आणि कशी करावी?

बागायतदार_तासगाव

नमस्कार मंडळी. आमच्या घरी अंदमानचा विषय कैक वर्षं निघतोय आणि दरवेळी बागेच्या कामात मागं पडतोय. यंदा आईनंच सांगितलंय, मला ते सेल्युलर जेल बघायचंय, पाय चालतायत तोवर न्या. जाणार आम्ही दोघं भाऊ, बायका-पोरं आणि आई-दादा (दादा म्हणजे वडील). दादा सत्तरीच्या पुढं, बीपीची गोळी चालू आहे, जिना चढताना गुडघा धरतो, बाकी खणखणीत. पोरं पाचवी ते नववीतली.

आता अडचण तारखेची. ज्यांची बाग आहे त्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. ऑक्टोबरात फळछाटणी झाली की तिथून पुढं रोज सकाळी पानं उलटी करून डावणी (पानांवरचा बुरशीचा रोग) आलाय का बघायचं, फवारण्या, विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), ढग आले की रात्रीची झोप गेली. जानेवारी ते मार्च माल उतरतो, उरलेला बेदाण्याला शेडवर. मग एप्रिलात खरड छाटणी (माल गेल्यावरची खोल छाटणी). म्हणजे सगळं जग ज्या दिवसांत अंदमानला जातं त्याच दिवसांत आम्हाला बागेतून हलता येत नाही. मे मध्ये जरा मोकळीक असते पण तेव्हा तिकडं पाऊस लागतो म्हणतात.

तर मे मध्ये गेलं तर चालतं का? सांगलीकडून जायचा बरा रस्ता कुठला? आणि एका टूरवाल्यानं आठवडाभराचा कार्यक्रम दिलाय त्यात पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील, बाराटांग, रॉस, नॉर्थ बे, चिडिया टापू सगळंच आहे, रोज पहाटे उठून कुठंतरी. हे म्हाताऱ्या माणसांना झेपेल का? अनुभवी लोकांनी सविस्तर लिहा, घाई नाही.

मंदार_मिरज

मे नको. निदान अर्धा मे उलटल्यावर तर नकोच. मान्सून केरळात यायच्या आधी अंदमानच्या समुद्रात पोचतो, साधारण २० मे च्या आसपास. पाऊस पडला तर छत्री घेऊन फिरता येतं पण समुद्र खवळला की बोटी रद्द होतात आणि तिकडं एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायला बोटीशिवाय काही नाही. हॅवलॉकला अडकलात आणि परतीचं विमान पोर्ट ब्लेअरहून, मग बसा.

कास_पठार

जानेवारी-फेब्रुवारी सोडून दुसरा विचारच करू नका. हवा छान, समुद्र शांत. आठवडाभर बाग गड्याच्या ताब्यात द्या, फोनवर सूचना द्या, हल्ली व्हिडिओ कॉलवर पान पण बघता येतं.

सागर_बोरगाव

कास दादा, तुमच्या साताऱ्यात स्ट्रॉबेरी वाल्यांना विचारून बघा फेब्रुवारीत चार दिवस घर सोडता का ते. घड पाणी धरायला लागल्यावर ढगाळ हवा आली म्हंजी मालकाला बांधावर उभं राहायला लागतंय, गडी कितीबी चांगला असला तरी कुठलं औषध कधी मारायचं हा निर्णय त्याच्यावर कसा टाकायचा. वर्षाचं कर्ज त्या दोन महिन्यांवर असतंय. फेब्रुवारीत हा माणूस तिथं जाऊन पण निम्मा वेळ फोनवरच असंल.

कास_पठार

मान्य सागर भाऊ. वाईला मामाकडे स्ट्रॉबेरी आहे, तो पण हिवाळ्यात लग्नाला तासभर येऊन परत जातो. माझा सल्ला नोकरीवाल्यांसाठी धरा.

कृष्णाकाठची_लेक

एवढ्या लांब जायचंच कशाला, तारकर्ली-मालवण बघा की! आंबोलीमार्गे सकाळी निघालं की दुपारी जेवायला मालवणात. सिंधुदुर्ग किल्ला पण बेटावरच आहे, महाराजांनी १६६४ ला काम सुरू केलं. स्कूबा तारकर्लीत पण होतं. सुरमई ताटात, आणखी काय पाहिजे.

बागायतदार_तासगाव

ताई, मालवण आम्ही दर दोन-तीन वर्षांनी करतोच, पोरांना पाठ झालंय. आईला जेल बघायचंय त्यामुळं अंदमान नक्की. पण सुरमईचं नाव काढून वाईट केलंत, आज घरी शेपू आहे.

उसाचा_फड

मी जरा वेगळं सांगू का? मॉरिशस. ऐका आधी, मग हसा. तुमचं खरड छाटणीनंतरचं काम संपलं की जून ते सप्टेंबर बागेला त्यामानानं शांतता असते, बरोबर? आणि मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली आहे त्यामुळं तिकडं नेमका तेव्हा हिवाळा असतो. पाऊस कमी, चक्रीवादळांचे दिवस संपलेले, ती नोव्हेंबर ते एप्रिलच्या दरम्यान येतात. भारतीयांना व्हिसा आधी काढायची गरज नाही, मुंबईहून विमान साधारण सहा तासांत. आणि उतरल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ऊस! तिकडची तोड जून ते डिसेंबर चालते, आपल्याकडं टोळ्या यायच्या आधी तिकडं कारखाने सुरू. माझ्या वडिलांनी तर समुद्रापेक्षा तो ऊसच जास्त बघितला, गाडी थांबवून पेरं मोजत होते.

आणि मराठी माणसं आहेत तिकडं. पिढ्यान् पिढ्यांपूर्वी मजुरीला गेलेल्या आपल्या लोकांचे वंशज. गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते. पोर्ट लुईला आप्रवासी घाट आहे, गिरमिटिया (करारावर नेलेले) मजूर जिथं उतरायचे ती जागा, २००६ पासून जागतिक वारसा आहे. तिथल्या दगडी पायऱ्या आहेत त्या आवर्जून बघा. आपली माणसं उसाच्या कामाला कुठं कुठं गेली हे ऊसवाल्याला वेगळंच लागतं मनाला.

मंदार_मिरज

उसाचा_फड, पोस्ट आवडली. पण जून ते सप्टेंबर पोरांची शाळा. आणि दोन कुटुंबांचं परदेशाचं तिकीट म्हणजे एक छाटणीचा खर्च. आईंना जेल बघायचंय, तिथं आपण मॉरिशस दाखवून काय करायचं.

लक्षद्वीप_प्रेमी

लक्षद्वीप कुणीच काढलं नाही? ३६ बेटं आहेत, त्यातली दहाच वस्तीची. पाणी अंदमानपेक्षा निळं. पण परमिट लागतं, कोचीहून जहाज किंवा अगत्तीला छोटं विमान, राहायच्या जागा मोजक्या, पावसाळ्यात पर्यटकांचं जवळपास बंद. आठ-दहा जणांच्या कुटुंबाला एकदम जागा मिळणं अवघड. पुढच्या वेळेसाठी लिहून ठेवा.

शुभदा_विश्रामबाग

तासगावकर दादा, आम्ही पोर्ट ब्लेअरला राहिलोय, मिस्टरांची तिकडं बदली होती, त्यामुळं जरा मोठं लिहिते. चहा घेऊन बसा.

तुमच्यासाठी एप्रिलचा शेवटचा आठवडा ते मे ची पहिली पाच-सहा तारीख, एवढीच खिडकी आहे आणि ती चांगली आहे. लोक उगाच घाबरवतात. फेब्रुवारी ते एप्रिल समुद्र सगळ्यात शांत असतो, पाण्यात दूरवर स्वच्छ दिसतं, काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ बघायला हेच दिवस उत्तम. त्रास एकच, उकाडा. घाम असा येतो की सांगलीचा एप्रिल बरा वाटतो. म्हणून फिरायचं सकाळी आणि दुपारनंतर, मधल्या वेळेत जेवून आडवं व्हायचं. आई-दादांसाठी एसी खोली घ्या, तिथं काटकसर नको.

दुसरी गोष्ट उजेडाची, ही कुणीच सांगत नाही. घड्याळ आपलंच पण बेटं फार पूर्वेला. सांगली साधारण ७४.६ रेखांशावर, पोर्ट ब्लेअर ९२.७ वर, म्हणजे अठरा अंशांचा फरक, एका अंशाला चार मिनिटं धरली की सव्वा तास लवकर सूर्य. एप्रिलअखेरीस पाच-सव्वापाचला लख्ख उजाडतं आणि साडेपाच-पावणेसहाला मावळतं. आपण सवयीनं नऊला नाश्ता करून निघालो तर निम्मा दिवस गेला. तुमच्या घरी पहाटे उठायची सवय असेलच, तुम्हाला ते सोपं जाईल. सूर्यास्त बघायचा तर हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर साडेचारला बसलेलं बरं.

तिसरी गोष्ट भरती-ओहोटी. नीलचा तो नैसर्गिक दगडी पूल ओहोटीलाच नीट बघता येतो, भरतीला खालचे खडक पाण्यात जातात. ओहोटीची वेळ रोज पंचेचाळीस-पन्नास मिनिटांनी पुढं सरकते, अमावस्या-पौर्णिमेला पाणी जास्त आत-बाहेर होतं. जायच्या तारखा ठरल्या की पंचांग बघा आणि हॉटेलवाल्याला फोन करून ओहोटीची वेळ विचारा, मगच नीलचा दिवस ठरवा. त्या खडकांवर शेवाळ असतं, दादांना खाली उतरवू नका, वरून बघू दे. पोरांना मात्र उतरवा, डबक्यात समुद्रकाकड्या, खेकडे, छोटे मासे असतात, गाईड धरून दाखवायला लागला तर हात लावू नका म्हणायचं.

क्रम असा ठेवा: पहिले दोन दिवस पोर्ट ब्लेअर, मग हॅवलॉकला दोन मुक्काम, नीलला एक, आणि परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोर्ट ब्लेअरला हजर. हे शेवटचं फार महत्त्वाचं. सकाळी नीलहून बोट आणि दुपारी विमान असं कधीही करायचं नाही, बोट लांबली तर विमान कुणी थांबवत नाही.

बागायतदार_तासगाव

शुभदाताई, पोस्ट प्रिंट काढून आईला वाचून दाखवली. ती म्हणाली या बाईंना आपल्याबरोबरच चला म्हणावं.

एप्रिलअखेर जमेल असं वाटतंय. आमची खरड छाटणी पहिल्या पंधरवड्यात उरकते, काडीची विरळणी परत आल्यावर करू. पोरांच्या परीक्षा पण तोवर संपतील.

सागर_बोरगाव

जत्रेची तारीख बघितली का? आन पावण्यारावळ्यांची लग्नं? चैत्र-वैशाखात सांगली जिल्ह्यातला माणूस आठ दिवस गायब झाला तर अर्धं गाव रुसंल.

बागायतदार_तासगाव

मामेभावाचं लग्न ५ मे ला आहे. त्याच्या आत परत यायचंच आहे. जत्रा त्याआधीच होते आमची.

मंदार_मिरज

रस्त्याचं सांगतो. पुण्याहून किंवा मुंबईहून जायचं तर आधी तिथवर गाडी, मग बहुतेक वेळा चेन्नई, हैदराबाद, बंगळुरू किंवा कोलकात्याला विमान बदल. त्यापेक्षा मिरजेतून राणी चेन्नम्मा एक्सप्रेस पकडा. दुपारनंतर निघते, सकाळी बंगळुरूला सोडते, झोपून जाता येतं, आई-दादांना खालचे बर्थ मिळतात. बंगळुरूहून पोर्ट ब्लेअरला थेट विमान आहे. मात्र विमानतळ देवनहळ्ळीला, शहरापासून पस्तीसेक किलोमीटर लांब, त्यामुळं त्याच दिवशी सकाळचं विमान धरू नका. दुपारचं धरा, किंवा एक दिवस आराम करून दुसऱ्या दिवशीचं. गाडीला उशीर झाला तरी जीव टांगणीला नको.

कोल्हापूर उजळाईवाडी किंवा बेळगाव सांबऱ्याहून पण दक्षिणेकडं विमानं असतात, पण वेळापत्रकं बदलत राहतात, बुकिंगच्या वेळी जुळणी होते का बघा. उन्हाळी सुट्टी म्हणजे भाडी चढलेली असणार, आत्ताच तिकीट काढा.

अक्षय_कुपवाड

जहाजानं गेलं तर? चेन्नईहून जातं ना, मजा येईल.

शुभदा_विश्रामबाग

चेन्नई, कोलकाता, विशाखापट्टणम तिन्हीकडून जहाजं आहेत, पण अडीच-तीन दिवस समुद्रात जातात आणि रोज सुटत नाहीत. एकट्या तरुण माणसानं जरूर करावं. सत्तरीच्या माणसाला आणि आठवडाभराच्या सुट्टीला ते जमायचं नाही.

कृष्णाकाठची_लेक

बोट लागणाऱ्यांचं काय? मला तर कोयनेच्या बॅकवॉटरमधे पण कसंतरी होतं.

मीनल_इस्लामपूर

गोळी बोटीत बसल्यावर घेऊन उपयोग नसतो, अर्धा-एक तास आधी घ्यायची. रिकाम्या पोटी बसू नका आणि तुडुंब जेवून पण नको. मोठ्या खाजगी बोटी बंद एसीवाल्या असतात, मधल्या भागात खालच्या मजल्यावर हेलकावे कमी जाणवतात. नजर खिडकीतून लांब क्षितिजावर ठेवायची, मोबाईल बघायचा नाही. दादांची बीपीची गोळी चालू आहे म्हणून बोटीची गोळी त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच द्या.

आणि हो, आलेपाक. इथूनच घेऊन जा.

सागर_बोरगाव

आन भडंग. सांगलीचा माणूस भडंग सोडून कुठं जातोय.

मीनल_इस्लामपूर

भडंग, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, धपाटे पहिल्या दोन दिवसांपुरते. पोर्ट ब्लेअरला सगळं मिळतं, इडली-डोसा, बंगाली माशाचं जेवण, शाकाहारी थाळी, उपाशी कुणी राहत नाही. पण तिसऱ्या दिवशी दादांना भाकरीची आठवण येतेच येते. आमच्या सासऱ्यांनी हॅवलॉकच्या हॉटेलात स्वयंपाक्याला तांदळाचं पीठ मागून स्वतः भाकरी थापली होती, तो बंगाली आचारी आधी बघत राहिला आणि मग त्यानं पण एक थापून बघितली. जेवताना त्यालाच पहिली वाढली आम्ही.

पलूसचे_गुरुजी

धागा वाचतोय, आता राहवत नाही म्हणून लिहितो. आईंना जेल बघायचंय ना, तर ते नीट बघा. टूरवाले तिथं तासभर देतात, ते मला पटत नाही.

१८९६ ला बांधकाम सुरू झालं, १९०६ ला संपलं. मधोमध मनोरा आणि त्यातून निघालेल्या सात इमारती, प्रत्येक तीन मजली. प्रत्येक इमारतीच्या तोंडासमोर दुसरीची पाठ येते, कैद्यांना एकमेकांची तोंडं दिसू नयेत म्हणून. आता सातातल्या तीनच उरल्यात. एकेका कोठडीत एकेक माणूस, म्हणूनच तो सेल्युलर. १९७९ पासून राष्ट्रीय स्मारक आहे.

सांगलीकरांनी एक लक्षात ठेवावं. तात्याराव सावरकर १९११ ला तिथं पोचले, पण त्यांचे थोरले बंधू बाबाराव त्यांच्या आधीपासूनच तिथं होते. दोघं भाऊ एकाच तुरुंगात. कोलू फिरवून तेल काढायचं, काथ्या कुटायचा. १९२१ ला दोघांना परत हिंदुस्थानात आणलं. आणि हे बाबाराव १९४५ साली आपल्या सांगलीत वारले. पोरांना जायच्या आधी हे सांगा, मग तिथली कोठडी बघताना त्यांना ती कुणाची तरी वाटेल. आम्ही शाळेतून मुलांना काही सांगतो ते पुस्तकातलं राहतं, तिथं दार लावून उभं राहिलं की कळतं खोली किती आहे.

जिने आहेत. दादांना वरच्या मजल्यापर्यंत जायचं असेल तर सकाळी उघडल्या उघडल्या जा, सावकाश चढू दे, मधे बसू दे. संध्याकाळी ध्वनी-प्रकाशाचा कार्यक्रम असतो, तो वेगळा, त्याचं तिकीट आधी काढा.

आणि फक्त सावरकरच नाहीत हेही सांगा. बंगालचे, पंजाबचे शेकडो लोक होते. त्याच्याही आधी, १८५८ पासून, सत्तावन्नच्या उठावातले कैदी तिकडं नेले जात होते, तेव्हा हा तुरुंग पण नव्हता, त्यांच्याकडूनच जंगल तोडून घेतलं. समोरच्या डोंगराचं जुनं नाव माउंट हॅरिएट, २०२१ ला माउंट मणिपूर झालं, कारण १८९१ च्या लढाईनंतर मणिपूरच्या महाराजांना तिथं ठेवलं होतं. एकेका डोंगरामागं गोष्ट आहे.

बागायतदार_तासगाव

गुरुजी, बाबाराव सांगलीत वारले हे मला माहीत नव्हतं. आईला माहीत होतं! तिच्या वडिलांकडून ऐकलेलं. तिला जेलच का बघायचंय ते आज कळलं मला.

कास_पठार

गुरुजी भारी लिहिलंत.

अक्षय_कुपवाड

बाराटांगबद्दल कुणी बोललं नाही. आम्ही केलं, जबरदस्त आहे. पहाटे निघायचं, जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांचा ताफा करून सोडतात, मग जंगलातून रस्ता, पुढं खाडी बोटीतून ओलांडायची, खारफुटीतून छोट्या बोटीनं चुनखडीच्या गुहा. आणि वाटेत जारवा आदिवासी दिसले तर तो अनुभवच वेगळा. जरूर करा.

शुभदा_विश्रामबाग

अक्षय, गुहा आणि खारफुटीचं ठीक आहे, पण शेवटचं वाक्य मला खटकलं आणि ते मी स्पष्ट बोलते. जारवा ही माणसं आहेत. काही शेच लोक उरलेत. तो रस्ता त्यांच्या जंगलातून काढलाय, त्यांनी मागितला नव्हता. १९९९ ला त्यांच्यात गोवरची साथ आली होती, आपल्याला साधा वाटणारा आजार त्यांच्या अंगात प्रतिकारशक्तीच नसल्यानं जीवघेणा होऊ शकतो. तिथं थांबणं, फोटो काढणं, खायला देणं गुन्हा आहे, १९५६ चा त्यांच्या संरक्षणाचा कायदा आहे. मी तिथं राहत असताना पाहुण्यांना मुद्दाम त्या रस्त्यानं नेलं नाही.

अक्षय_कुपवाड

ताई, आम्ही फोटो काढला नाही, काच पण खाली केली नाही. गुहा बघायला गेलो होतो. नियम पाळून गेलं तर काय चुकीचं? तिथल्या बोटवाल्यांचं, गाईडचं पोट त्याच्यावर आहे.

पलूसचे_गुरुजी

दोघांचं म्हणणं समजतं. पण "दिसले तर" म्हणून जायचं नाही, एवढं शुभदाताईंचं मला पूर्ण पटतं. आपल्या दारावरून रोज गाड्यांची रांग आपल्याला बघायला गेली तर आपण काय करू?

अक्षय_कुपवाड

हं. ते वाक्य काढून टाकतो गुरुजी.

मीनल_इस्लामपूर

ते बाजूला ठेवलं तरी बाराटांग आई-दादांसाठी नकोच. मध्यरात्र उलटल्यावर उठायचं, गाडीत काही तास, बोटीत चढउतार, पुढं गुहेपर्यंत उन्हातून चालत, आणि संध्याकाळी तसंच परत. त्याऐवजी रॉस बेट करा, नवं नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. पोर्ट ब्लेअरहून बोटीनं थोडक्यात पोचतो. इंग्रजांचं मुख्य ठाणं होतं तिथं, चर्च, बंगले, बेकरी, सगळ्याच्या भिंती झाडांच्या मुळांनी पकडल्यात. हरणं अगदी जवळ येतात. वयस्कर लोकांना फिरवायला बॅटरीची गाडी असते.

डॉक्टर_हळदवाले

आरोग्याचं थोडं. पोरांना स्कूबा करायची असेल तर बहुतेक ठिकाणी दहा वर्षांची अट असते. सर्दी असेल, कान दुखत असेल, दमा असेल तर पाण्याखाली जायचं नाही, फॉर्मवर खोटं लिहू नका. आणि स्कूबा परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी ठेवायची नाही, पाण्याखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, मधे १८ ते २४ तास गेलेले बरे. म्हणून हॅवलॉकला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी उरकून टाका. दादांसाठी काचेच्या तळाची बोट पुरेशी.

किनाऱ्यावर संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या चावतात, आठ दिवस खाज जात नाही. खोबरेल किंवा ओडोमॉस लावून बसा, थेट वाळूवर लोळू नका. बीपीच्या गोळ्या दोन ठिकाणी वाटून ठेवा, निम्म्या पर्समधे निम्म्या बॅगेत. आणि मगरीची पाटी दिसेल तिथं घोट्याएवढ्या पाण्यात पण जायचं नाही, तिकडं खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, पाटी शोभेला लावलेली नसते.

सागर_बोरगाव

मगर म्हंजी आमच्या कृष्णेचीच पावणी. भिलवडी-औदुंबरला विचारा, आमची माणसं सवयीची हायत.

डॉक्टर_हळदवाले

सागर, कृष्णेतली वेगळी. खाऱ्या पाण्यातली तिच्यापेक्षा बरीच मोठी होते. सवय वगैरे तिथं चालत नाही.

उसाचा_फड

शंख-शिंपल्यांचं सांगा कुणीतरी, पोरं खिसे भरतात.

शुभदा_विश्रामबाग

बरोबर आठवण केली. किनाऱ्यावरचं प्रवाळ, मेलेलं असलं तरी, उचलून आणायचं नाही. वन्यजीव कायद्याखाली येतं, विमानतळावर सामान तपासतात. दुकानातून शंख घेतलात तर पावती जपा. पोरांना सांगा फोटो काढा आणि तिथंच ठेवा.

बोटीची तिकिटं पण आधीच काढा. सरकारी बोट स्वस्त असते पण मिळायची खात्री नाही, कारण तिथल्या लोकांची ती एसटी आहे आणि पहिला हक्क त्यांचाच. खाजगी बोटींचं ऑनलाईन होतं. तिकिटावर हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप दिसेल, पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम, गोंधळू नका. रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढा, बेटांवर एटीएम कमी आणि त्यात पैसे असतीलच असं नाही. नेटवर्क पूर्वीसारखं वाईट नाही, २०२० ला चेन्नईहून समुद्राखालून केबल टाकली तेव्हापासून बरंच सुधारलं, पण नीलला बागेतल्या पानाचा व्हिडिओ कॉल लागेलच अशी आशा धरू नका.

बागायतदार_तासगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री घरात बसून सगळा धागा मोठ्यानं वाचला, आई, दादा, वहिनी सगळे होते. ठरलं ते असं.

खरड छाटणी उरकून एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात निघायचं. मिरजेतून राणी चेन्नम्मा, बंगळुरूला एक दिवस आराम, दुसऱ्या दिवशी विमान. पोर्ट ब्लेअरला पहिली सकाळ पूर्ण जेलसाठी, दुसरं काही नाही, संध्याकाळी ध्वनी-प्रकाश. दुसऱ्या दिवशी रॉस. मग हॅवलॉक, तिथं थोरल्या दोघा पोरांची स्कूबा आणि राधानगर. मग नील, ओहोटी बघून. मग परत पोर्ट ब्लेअरला एक रिकामा दिवस ठेवलाय, बोट चुकली तर उपयोगी, नाहीतर चिडिया टापूचा सूर्यास्त. बाराटांग कटाप. नॉर्थ बे पण कटाप, दादा म्हणाले तेवढ्या वेळात मी झोपेन. लग्नाच्या दोन दिवस आधी घरी.

टूरवाल्याला नाही सांगितलं. दोन बेटांवरची हॉटेलं आणि बोटी भाऊ स्वतः बुक करतोय.

एक राहिलं. आईला विचारलं आणखी काय बघायचंय, तर म्हणाली जुन्या लाल वीसच्या नोटेवर जे नारळाच्या झाडांचं चित्र होतं ते तिकडचंच आहे ना, ते कुठून दिसतं?

शुभदा_विश्रामबाग

तिकडचंच. माउंट मणिपूरवरून नॉर्थ बे च्या दीपगृहाकडं बघितलं की तेच दृश्य. वरपर्यंत गाडी जाते, चढायला लागत नाही. तुमच्या रिकाम्या दिवशी सकाळी जा, दुपारी ढग येतात. चॅथमच्या धक्क्यावरून गाडीसकट पलीकडं नेणारी बोट असते, ती धरा म्हणजे लांबचा वळसा वाचतो.

सागर_बोरगाव

घरात जुनी वीसची नोट हाय का बघा आन आईंच्या हातात देऊन तिथंच फोटो काढा. आन हितं टाका.

मंदार_मिरज

तासगावकर, राणी चेन्नम्माचं आरक्षण आजच बघा, सुट्टीत खालचे बर्थ पटकन जातात. ज्येष्ठ नागरिकांचा कोटा निवडायला विसरू नका, आई-दादांचं तिकीट त्यासाठी वेगळं काढावं लागेल.